घरचे हसतात, मला हसू येत नाही: अलीकडच्या विनोदी सिनेमा-मालिकांबद्दल स्पष्ट मत

पारोळ्याला कॉलेजात शिकणाऱ्या एका मुलीनं विचारलं आहे: घरी रोज रात्री विनोदी कार्यक्रम लागतो, सगळे हसतात, मला फारसं हसू येत नाही. अलीकडचे विनोदी सिनेमे आणि शो खरोखर चांगले आहेत, की आपल्याला चांगलं म्हणायची सवय लागली आहे? सोबत तिनं गॅदरिंगसाठी लिहिलेलं स्किटही पाठवलं आहे. त्यात पुण्याचा जावई सासरी येतो आणि सासूच्या अहिराणीवर सगळे हसतात.

तुझ्या घरचे खोटं हसत नाहीत, हे आधी सांगते. दिवसभर शेतात किंवा दुकानात राबून आलेल्या माणसाला रात्री अर्धा तास डोक्यावरचं ओझं उतरवायचं असतं आणि ते काम हे कार्यक्रम करतात. तुझं चित्त त्यात लागत नाही, कारण तू लिहायला लागली आहेस. लिहिणारा माणूस हसण्याआधी हसू कुठून आलं ते बघतो. मी अमळनेर-धुळे पट्ट्यात हौशी रंगभूमीवर नाटकं बसवते, त्यातही विनोदी जास्त. माझंही बघणं तसंच झालं आहे, म्हणून तुझ्या प्रश्नाला गुळमुळीत उत्तर देणार नाही.

माझी कसोटी एकच आहे. पात्राला काय हवंय आणि ते मिळवण्यासाठी ते किती खटाटोप करतं? विनोदी पात्र स्वतः कधीच विनोद करत नसतं. ते जिवावर उदार होऊन आपलं काम साधायला धडपडत असतं आणि आपण हसतो त्या धडपडीला. जिथे ही गरज लिहिलेली नसते तिथे नट चेहरा वाकडा करतो, आवाज चढवतो, साडी नेसतो, कुणाच्या रंगावर नाहीतर जाडीवर घसरतो. गेल्या चार-पाच वर्षांतलं जे जे मी पाहिलं, ते याच एका प्रश्नावर माझ्यापुरतं उभं राहिलं किंवा पडलं.

उभं राहिलेल्यांत मी 'वाळवी' सगळ्यात वर ठेवते. परेश मोकाशींचा हा २०२३ चा सिनेमा. बायकोला आत्महत्येच्या बनावात मारायचं असा नवऱ्याचा आणि त्याच्या प्रेयसीचा बेत असतो, पहिल्या काही मिनिटांतच तो बिनसतो आणि पुढचा सगळा सिनेमा म्हणजे ते निस्तरण्याची घाई. स्वप्नील जोशी, शिवानी सुर्वे, सुबोध भावे, अनिता दाते यांच्यापैकी एकही जण 'आता मी विनोद करतो' असा आव आणत नाही. सगळे घाबरलेले आहेत, घाईत आहेत आणि म्हणून आपल्याला हसू येतं. त्याला सर्वोत्कृष्ट मराठी चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला तेव्हा मला मनापासून आनंद झाला, कारण विनोदी सिनेमाकडे परीक्षक सहसा दुय्यम म्हणूनच बघतात. तुला लिहायचं असेल तर हा सिनेमा दोनदा बघ. दुसऱ्या वेळी फक्त एवढंच टिपून ठेव की प्रत्येक प्रसंगात कोणाला काय लपवायचंय.

२०२५ च्या मे महिन्यात आलेला 'आता थांबायचं नाय' पूर्ण विनोदी म्हणता येणार नाही, पण मला त्यात जितकं निर्मळ हसू आलं तितकं त्या वर्षी दुसरीकडे क्वचितच आलं. मुंबई महापालिकेचे चतुर्थ श्रेणी कामगार रात्रशाळेत जाऊन दहावी देतात, खऱ्या घटनेवरची ही गोष्ट. भरत जाधव आणि सिद्धार्थ जाधव या दोघांना आपण वर्षानुवर्षं धावपळीच्या विनोदात पाहिलं. इथे ते जवळजवळ काहीच करत नाहीत. मोठा माणूस बाकावर बसून धडा पाठ करायला बघतो आणि तो त्याला जमत नाही, बस. शिवराज वायचळ या दिग्दर्शकानं नटांना आवरलं, याचं श्रेय त्याला द्यायला हवं. नटाला मोकळं सोडणं सोपं असतं, आवरणं फार अवघड.

'नाच गं घुमा'चा पूर्वार्ध मला फार आवडला. नोकरी करणारी बाई आणि तिच्या घरची मदतनीस. एकीवाचून दुसरीचं पान हलत नाही आणि तरी दोघींचं पटत नाही. मुक्ता बर्वेची चिडचिड आणि नम्रता संभेरावचा निरागस उशीर यांत विनोदाची खाण होती. उत्तरार्धात मात्र सिनेमा समजावून सांगायला लागतो. हसता हसता आपल्याला जे कळून चुकलं होतं तेच पुन्हा रडून, मोठ्यानं सांगितलं जातं. हा दोष एकट्या या सिनेमाचा नाही. 'झिम्मा २' मध्ये आहे, 'बाईपण भारी देवा'मध्ये तर भरपूर आहे. आपल्या विनोदी सिनेमाला शेवटची वीस मिनिटं डोळे पुसल्याशिवाय घरी जाता येत नाही, अशी जणू अट पडली आहे.

तरीही 'बाईपण'बद्दल एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. तो सिनेमा लागला तेव्हा मी थिएटरात पाहिलं की बायका गटागटानं आल्या होत्या, काही नटूनथटून, आणि त्यातल्या कितीतरी बायका बऱ्याच वर्षांनी थिएटरात पाऊल टाकत होत्या. सहा बहिणी मंगळागौरीच्या स्पर्धेसाठी सराव करतात, गुडघे दुखतात, जुने रुसवे उकरून निघतात. लिखाण म्हणून मला त्यात उणिवा दिसतात. प्रत्येक बहिणीचं दुःख रांगेत उभं करून एकेक करून मिटवलेलं आहे. पण त्या बायका ज्या मोकळेपणानं हसल्या तो मोकळेपणा लिहिणाऱ्यानं मिळवलेला होता. पन्नाशीच्या बाईला नायिका केलं की आपल्या गावांतला एवढा मोठा प्रेक्षक उठून येतो, हे निर्मात्यांना २०२३ साली कळावं याचंच वाईट वाटतं. पहिल्या 'झिम्मा'त निर्मिती सावंत यांनी रंगवलेली निर्मला कोंडेपाटील मला त्याच कारणासाठी आवडते. घराबाहेर काही दिवस आपल्या मनासारखं राहायचंय, एवढीच तिची गरज, आणि त्या गरजेपायी ती जे जे करते ते आपल्या मावशी-काकूंनी केलेलं आपण पाहिलेलं असतं.

'नवरा माझा नवसाचा २' बद्दल फार लिहिणार नाही. पहिला, २००४ चा, एसटीतला प्रवास आजही हसवतो, कारण नवसाची अडचण आणि बसमधली माणसं एकमेकांत गुंतलेली होती. दुसऱ्यात एसटीऐवजी कोकण रेल्वे आली आणि बाकी आठवणींवर भागवलं. हिंदीतला 'हाऊसफुल ५' तर दोन वेगवेगळे शेवट घेऊन प्रदर्शित झाला, खुनी कोण ते तुम्ही कुठला शो बघताय त्यावर ठरणार. ज्या गोष्टीचा खुनी बदलला तरी बाकी काही बदलावं लागत नाही, ती गोष्ट मुळात कोणाचीच नव्हती.

आता छोट्या पडद्याकडे येते, कारण तुझा खरा प्रश्न तिथलाच आहे.

'महाराष्ट्राची हास्यजत्रा' २०१८ पासून चालू आहे. त्यांच्या कामाबद्दल मला मनापासून आदर आहे. आठवड्याला इतकी प्रहसनं लिहायची, बसवायची आणि कॅमेऱ्यासमोर एका दमात सादर करायची, हे आमच्या क्षेत्रातल्या कुणालाही विचार, घाम फोडणारं काम आहे. समीर चौघुलेंचं टायमिंग बघताना मी माझ्या नटांना सांगते की त्यांच्या तोंडाकडे बघू नका, ते समोरच्याचं वाक्य कसं ऐकतात ते बघा. नम्रताचं लॉली हे पात्र, प्रभाकर मोरेंचा कोकणी बाणा, ओंकार भोजनेचं ते वैतागून बोलणं, या सगळ्यांमागे त्यांनी पाहिलेली माणसं आहेत.

पण रोजच्या रतिबाचा परिणाम लिखाणावर होतोच. मग एकमेकांच्या दिसण्यावर घसरायचं हा हुकमी मार्ग होतो. कोणाचे केस, कोणाचा रंग, कोणाचं वजन. नट हे आपसांत प्रेमानं करतात, एकमेकांची परवानगी असते, हे मला ठाऊक आहे. पण दुसऱ्या दिवशी शाळेत एखाद्या सावळ्या किंवा जाड मुलीला तेच वाक्य ऐकावं लागतं तेव्हा तिची परवानगी कोणी घेतलेली नसते. माझ्या शिबिरात अशा मुली येतात. त्या रंगमंचावर उभ्या राहायला का घाबरतात ते त्यांना विचारलं की कळतं. या बाबतीत मी अजिबात सूट देत नाही.

दुसरी गोष्ट परीक्षकांच्या हसण्याची. तुझ्या लक्षात आलं असेल, प्रत्येक पंचनंतर, म्हणजे हशा घेणाऱ्या वाक्यानंतर, कॅमेरा खुर्चीत हसणाऱ्या पाहुण्याकडे जातो. प्रेक्षकाला हसायचं कुठे ते दाखवून दिलं की त्याला स्वतः जागा शोधावी लागत नाही. रंगमंचावर हशा नटाला कमवावा लागतो. हशा चढतो, शिगेला पोचतो आणि ओसरायला लागला की नेमकं त्या क्षणी पुढचं वाक्य टाकावं लागतं. लवकर टाकलं तर वाक्य बुडतं, उशीर केला तर प्रयोग थंड पडतो. टीव्हीवर हे काम संकलक करतो, म्हणून टीव्ही बघून नाटक शिकलेली मुलं रंगमंचावर आली की पंच मारून प्रेक्षकाकडे बघत थांबतात. हशा आला नाही तर पुढे काय करायचं ते त्यांना कोणी शिकवलेलंच नसतं.

'चला हवा येऊ द्या'नं २०१४ पासून जवळजवळ दहा वर्षं महाराष्ट्राला हसवलं, पुढे ते नव्या रूपातही आलं. त्याचं सुरुवातीचं बळ थुकरटवाडी नावाच्या गावात होतं. गाव म्हटलं की सरपंच आला, भानगडी आल्या, गरजा आल्या. हळूहळू ते सिनेमाच्या जाहिरातीसाठी येणाऱ्या पाहुण्यांचं ठिकाण झालं आणि गाव मागे पडलं. मला आजही त्या कार्यक्रमातली आठवतात ती सागर कारंडेनं पोस्टमन होऊन वाचलेली, अरविंद जगतापांनी लिहिलेली पत्रं. विनोदी कार्यक्रमातल्या पत्रांनी लोकांना रडवलं, कारण त्या पत्रांत कोणीतरी कोणालातरी काहीतरी मनापासून मागत होतं.

पुरुषांनी साडी नेसण्यावरही तू विचारलं आहेस. मी त्याच्या सरसकट विरोधात नाही. आपल्या खान्देशात यात्रेतल्या तमाशात गवळणीतली मावशी पुरुषच करत आला. पण ती मावशी वाट अडवणाऱ्या कृष्णाशी हुज्जत घालते, पेंद्याला बोलण्यात गप्प करते, मथुरेच्या बाजारी निघालेल्या गवळणींची बाजू घेऊन भांडते. तिला काम आहे. टीव्हीवरच्या साडीतल्या पुरुषाला बहुतेक वेळा साडीपलीकडे काहीच काम नसतं. छातीवर हात, लचकून चालणं, की झालं. एखाद्या तमासगिराला बतावणी, म्हणजे तमाशातला विनोदी संवाद, करताना जवळून पाहिलंस तर फरक आपोआप दिसेल. यात्रेतला रात्रीचा प्रेक्षक उठून जाऊ शकतो, शिट्टी मारू शकतो, तोंडावर सुनावू शकतो. सोंगाड्याला दर रात्री त्या लोकांत उभं राहून गावातल्या चालू गोष्टी पकडाव्या लागतात.

आता आपल्या बोलीकडे. मकरंद अनासपुरेंनी मराठवाडी बोली मुख्य प्रवाहात नायकाच्या तोंडी आणली. भारत गणेशपुरेंनी वऱ्हाडीला घराघरांत नेलं. कोकणीची तर रंगभूमीवर जुनी परंपरा. खान्देशाच्या वाट्याला अजून असा माणूस आलेला नाही आणि याचा दोष सगळा मुंबईला देऊन चालणार नाही. आपणच आपली बोली घरात ठेवली आणि स्टेजवर चढताना प्रमाण मराठीचा सदरा घातला. परिणाम असा की पडद्यावर खान्देशी माणूस आलाच तर तो घरगडी, नाहीतर दारूडा, आणि त्याची भाषा म्हणजे वाक्याच्या शेवटी 'शे' चिकटवलेलं मराठी. धुळे-नंदुरबारकडची अहिराणी, यावल-रावेरची लेवा बोली, जामनेरकडची तावडी, सातपुड्यातली पावरी आणि भिली, या सगळ्यांची चाल वेगळी, हेल वेगळा, थट्टा करायची रीतही वेगळी. असोद्याच्या बहिणाबाईंची गाणी लेवा बोलीतली. त्यात थट्टा आहे, टोचणी आहे, आणि एकदाही त्या बोलीकडे कोणी खालच्या नजरेनं बघत नाही. ती नजर बाहेरच्याची असते. तुझ्या स्किटमध्येही ती शिरली आहे. त्याकडे शेवटी येते.

त्याआधी मालेगाव. जिल्हा नाशिक असला तरी तिथली माणसं आणि आपली माणसं एकाच बाजाराची. यंत्रमागाच्या त्या गावात व्हिडिओ पार्लर चालवणाऱ्या नासिर शेख यांनी मित्रांना गोळा करून 'मालेगाव के शोले' केला, पुढे सुपरमॅन केला. त्यांच्यावरचा रीमा कागती यांचा 'सुपरबॉईज ऑफ मालेगाव' २०२५ च्या फेब्रुवारीत आला. थिएटरांत तो फार टिकला नाही याची मला खंत आहे. आदर्श गौरवनं नासिर केला आहे, शशांक अरोरानं शफीक. यंत्रमागावर काम करणारा किडकिडीत शफीक सुपरमॅन होऊन तंबाखूविरुद्ध लढतो, आणि खऱ्या आयुष्यात तोच कर्करोगानं गेला. सिनेमा बघून झाल्यावर फैजा अहमद खान यांचा त्याच विषयावरचा माहितीपटही जरूर बघ. तिथे खरा शफीक दिसतो. त्याला उडायचंय. पैसे नाहीत, यंत्रसामग्री नाही, पण उडायचं तर आहेच. त्याच्या किडकिडीत अंगावर तिथे कोणी हसत नाही. त्याला उडवण्यासाठी त्या पोरांनी जे जे जुगाड केले त्याला हसू येतं, आणि तेच हसू घशात अडकतं. विनोदाबद्दल मी शिबिरात जे काही बोलते त्यातलं निम्मं तरी या माणसांनी करून दाखवलं आहे.

त्याच मातीतला छोटू दादा यूट्यूबवर देशभर पाहिला जातो, तुझ्या घरातली लहान मुलंही बघत असतील. त्याचं टायमिंग अस्सल आहे. चांगल्या व्हिडिओंत हसू येतं ते त्याच्या आगाऊपणाला, लोकांना गंडवायच्या त्याच्या हव्यासाला, त्याच्या उंचीला नव्हे. पण साचा पक्का झाला आहे, फसवणूक, मग पाठलाग, मग मार. इतक्या ताकदीच्या नटाला कोणीतरी नीट लिहिलेली गोष्ट द्यायला हवी.

'पंचायत' ही हिंदी वेब मालिका तू आवडीनं बघतेस असं लिहिलं आहेस. २०२० चा पहिला सीझन मलाही फार आवडतो. सचिवाला गावातून निघून जायचंय आणि गाव त्याला सोडत नाही, एवढ्यावर तो उभा आहे. पुढच्या सीझनमध्ये निवडणूक आणि हाणामारी वाढत गेली तशी सचिवाची ती साधी निकड विरून गेली. चौथा सीझन मी कर्तव्य म्हणून संपवला.

आता तुझं स्किट. मी ते दोनदा वाचलं. संवाद चटपटीत आहेत, तुला कान आहे. पण सासू बोलते आणि जावई हसतो, पुन्हा सासू बोलते आणि जावई हसतो, असं ते बारा मिनिटं चाललं आहे. समोर बसलेल्या निम्म्या मुलांच्या आया तशाच बोलतात. ती मुलं हसतील, पण थोडं आईला लपवल्यासारखं हसतील. ते मला तुझ्या हातून व्हायला नको आहे.

माणसं तीच ठेव, गरजा बदल. जावयाची नोकरी गेली आहे आणि ते त्याला सासरी कळू द्यायचं नाही. सासूला त्याच्याकडून पैसे हवेत, कारण धाकट्याच्या लग्नात जागा कमी पडेल म्हणून तिनं मागची खोली वाढवायला काढली आहे. सासू हुशार आहे. जावयाशी ती शुद्ध मराठीत गोड बोलते आणि नवऱ्याशी सल्लामसलत मात्र जावयासमोरच अहिराणीत करते, पुण्याच्या पोराला काय कळणार म्हणून. 'यान्हा खिसामा काही शे का नही?' असं ती नवऱ्याला विचारते आणि लगेच वळून 'जावईबापू, अजून एक मांडा घ्या ना' म्हणते. जावयाचं लहानपण अमळनेरला आजीकडे गेलंय हे घरात कोणाला माहीत नाही, प्रेक्षकांना मात्र पहिल्याच मिनिटात माहीत आहे. आता अहिराणीवर कोणी हसणार नाही, अहिराणीमुळे हसतील. सासूचं प्रत्येक वाक्य दोनदा काम करेल, एकदा तिच्या नवऱ्यासाठी आणि एकदा घास घशात अडकलेल्या जावयासाठी. त्यानं उत्तर अहिराणीत कधी द्यायचं ते तूच ठरव, पण जितकं लांबवशील तितकं बरं. आणि दिलं की त्यानंतर दोन वाक्यांत पडदा पाड, समजावत बसू नकोस.

सासूसाठी तू मुलगा निवडला आहेस, तो बदल. तुमच्या वर्गात घरी अहिराणी बोलणारी एखादी मुलगी असणारच, तिला घे आणि संवाद तिच्या आईला वाचून दाखव. आई जिथे 'आम्ही असं नही म्हनत' म्हणेल तिथे तिचं वाक्य लिहून घे. तालमीत पहिले काही दिवस सगळ्यांनी अजिबात विनोद न करता, खरोखरच्या अडचणीत असल्यासारखं बोलायचं. जेवणाचं ताट खरं ठेवा, घास खरा खायचा. आणि ढोलकीवाला मित्र बसवणार आहेस असं लिहिलंस, तर त्याला गण, म्हणजे सुरुवातीचं गणेशवंदन, आणि शेवट एवढंच दे. पंचनंतरचा ठेका काढून टाक, तिथली जागा प्रेक्षकांना लागेल.